तीन दारे आणि पाच राखणदार

मुरबाडला निघालो आहे असे सांगितले की ऐकणारा हमखास विचारतो, "माळशेजला का?" मुरबाड हे मुक्कामाचे गाव असू शकते हे ठाण्या-मुंबईच्या माणसाच्या ध्यानीच येत नाही. त्याच्या लेखी मुरबाड म्हणजे माळशेजच्या वाटेवरचा एक चहा. मीही आजवर त्या चहापुरताच मुरबाडचा ऋणी होतो. गेल्या दिवाळीत मात्र मी खास मुरबाडला गेलो, एक रात्र राहिलो, आणि ती रात्र बाजारपेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून काढली.

त्याचे असे झाले. माझी थोरली बहीण डोंबिवलीला असते. तिचा मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा सरळ, निर्व्यसनी, अभ्यासातही बरा. पण गेले वर्षभर शनिवार उजाडला की हा पाठीला पिशवी लावून मुरबाडला जातो आणि रविवारी संध्याकाळी तांबारलेले डोळे घेऊन परत येतो. विचारले तर म्हणतो, "सराव असतो." कसला सराव? तर कॉम्प्युटरवरच्या बंदुकीच्या खेळाचा!

ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. "पैसे लावून खेळतात की काय, कुणास ठाऊक. आणि आता पुण्याच्या कुठल्याशा संघानं त्याला बोलावलंय म्हणे. त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं मला. हा स्वतः एक अक्षर बोलत नाही. तू मामा आहेस ना त्याचा? एकदा जाऊन डोळ्यांनी बघून ये."

आपल्याकडे मामा या नात्यावर फार जुन्या काळापासून कामे सोपवलेली आहेत. मुंज असो, लग्न असो, मामा हजर पाहिजे. त्यात हे हेरगिरीचे एक नवे काम आले. मी भाच्याला म्हटले, "मलाही ने एकदा तुझ्या मुरबाडला." त्याने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिले. मग म्हणाला, "चल. पण सामना चालू असताना बोलायचं नाही."

मुरबाडला रेल्वेने जाता येत नाही. कल्याणला उतरायचे आणि एस.टी. धरायची. शहाड, म्हारळ, वरप, कांबा करीत गाडी रायत्याला उल्हास नदी ओलांडते आणि मग शहर मागे पडते. गोवेलीच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची शेते होती. काही कापलेली, काही कापणीच्या वाटेवर. खिडकीतून नव्या पेंढ्याचा वास येत होता. आणि समोर, संध्याकाळच्या उन्हात, सह्याद्रीची ती लांबलचक भिंत हळूहळू वर येऊ लागली. हीच वाट दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल नाणेघाटातून जुन्नरला आणि पुढे पैठणला नेत होती. तेव्हाचे व्यापारी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जात. आमच्या गाडीच्या टपाखाली फराळाचे डबे होते, एवढाच फरक.

वाटेत भाच्याकडून मी धडे घेतले. या खेळाचे नाव 'व्हॅलोरंट'. २०२० साली तो निघाला. त्याचा आजा म्हणजे १९९९ सालचा 'काउंटर-स्ट्राइक'. पाच जणांविरुद्ध पाच जण हा नेमबाजीच्या खेळाचा साचा त्यानेच रूढ केला. पैशाबद्दल मी आडून विचारले तेव्हा भाचा हसला. "आईनं सांगितलं ना विचारायला? अरे मामा, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून बंदच केले. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स वेगळे काढले. हा जुगार नाही, सामना आहे." मुंबईच्या 'ग्लोबल ईस्पोर्ट्स' या संस्थेचा संघ २०२३ साली सोलला जाऊन आशियातल्या बड्या संघांशी हा खेळ खेळला, हेही त्याने सांगितले. पुण्याच्या निमंत्रणाबद्दल मात्र तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही. हेराने घाई करू नये.

मुरबाडच्या त्या दुकानावर पाटी होती झेरॉक्सची, पण आत सातबारा, आधार, रेशनकार्ड, परीक्षांचे अर्ज अशी साऱ्या तालुक्याची कामे चालत. भिंतीला लागून पाच कॉम्प्युटर. दिवसा त्यांच्यावर शेतकऱ्यांचे उतारे निघत आणि रात्री शटर अर्धे ओढले की तिथे लढाई सुरू होई. मालकाचा मुलगा हा या संघाचा म्होरक्या. बाकीचे चौघे चार गावचे. एक ठाण्याचा, एक बदलापूरचा, एक शहापूरचा आणि चौथा आमचा डोंबिवलीचा. सोयीसाठी मी त्यांना त्यांच्या गावांची नावे देऊन टाकली. ठाणेकर, बदलापूरकर, शहापूरकर आणि मुरबाडकर.

"पण मुरबाडच का? ठाण्याला जमता येत नाही?" मी विचारले.

"काका, ठाण्याला पाच कॉम्प्युटर फुकट कोण देतंय?" ठाणेकर म्हणाला. "आणि या खेळाला भारी मशीन लागत नाही. उतारे काढायचंसुद्धा चालतं. खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे. इथवर फायबरची तार आलीय. झालं."

दुकानाच्या कोपऱ्यात मुरबाडकराचे आजोबा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला बाकावर जागा करून दिली, चकली पुढे केली आणि म्हणाले, "बसा पावनं. मला बी काय कळत नव्हतं आदी. आता थोडंथोडं कळतं."

त्या रात्रीचा सामना एका हौशी स्पर्धेच्या बाद फेरीचा होता. हरला तो घरी गेला. वाचकांपैकी ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठी चार नियम सांगतो. एका संघाने चढाई करायची, दुसऱ्याने राखण. चढाईवाल्यांजवळ एक स्फोटक असते. ते १०० सेकंदांत ठरलेल्या एखाद्या ठिकाणी नेऊन रोवायचे. रोवल्यावर ४५ सेकंदांनी ते फुटते. राखणदारांनी ते रोवू द्यायचे नाही, किंवा रोवले तर निकामी करायचे, आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. असा एकेक डाव. बारा डावांनंतर बाजू बदलतात. जो आधी १३ डाव जिंकेल तो विजयी. १२-१२ अशी बरोबरी झाली तर दोन डावांची आघाडी मिळेपर्यंत खेळ चालतो. डावात मेलेला माणूस पुढच्या डावात पुन्हा उभा.

गंमत पुढेच आहे. त्या रात्री सामन्यासाठी जो नकाशा निघाला, त्याचे नाव 'लोटस'. २०२३ च्या जानेवारीत तो खेळात आला. कमळांच्या नक्षीचे प्राचीन दगडी अवशेष, झाडी, पाणी, आणि फिरती दगडी दारे. ही जागा कुठली म्हणून विचारले तर मुरबाडकराने मागे अंगठा केला. "आपल्याच सह्याद्रीतली दाखवलीय, काका. पश्चिम घाटातली." अमेरिकेतल्या कंपनीने कल्पनेत उभारलेला सह्याद्री त्या पडद्यावर, आणि खरा सह्याद्री दुकानाच्या पाठीमागे अंधारात. मला त्या बाकावर बसल्या बसल्या जरा चमत्कारिक वाटले.

बहुतेक नकाशांत राखायची ठिकाणे दोन असतात. इथे तीन. म्हणजे तीन दारे आणि पाच राखणदार. दोन-दोन ठेवावे तर एका दारावर एकटाच उरतो. शत्रू कुठून येईल ते ठाऊक नाही. आणि या खेळाची खरी मेख अशी, की खेळणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांपुढचे तेवढेच दिसते. आपण बुद्धिबळाचा पट वरून पाहतो तसे इथे नाही. तुम्ही वळाल तिकडचेच दिसेल, पाठीमागचे दिसणार नाही. म्हणून पाच जणांनी सारखे बोलत राहायचे. "डावीकडे दोघं." "दार फिरल्याचा आवाज आला." "माझ्याकडे कुणी नाही." पाच माणसांच्या दहा डोळ्यांनी जे पाहिले ते बोलण्यातून एक झाले, तरच त्याला संघ म्हणायचे.

सामना साडेदहाला सुरू झाला. आमचे भाचेबुवा आघाडीचे नेमबाज. मी त्याच्या मागे उभा होतो. काय त्याचा नेम! समोरून माणूस डोकावला न डोकावला तोच टिपलेला. मला नाही म्हटले तरी अभिमान वाटू लागला. पण अर्ध्या सामन्याअखेर फलक पाहिला तर आम्ही ४-८ असे मागे! भाच्याने एकट्याने सर्वांत जास्त, चौदा गडी टिपले होते आणि तरी चारच डाव हाती.

मला हे कोडे उलगडेना. आजोबांनी उलगडले.

"आमच्या टायमाला आमी कबड्डी खेळायचो," ते हळूच म्हणाले. "चढाईवाला आला का कोपऱ्यावाल्यानं पाय धरायचा. पन त्यानं एकट्यानं धरून काय होतं? बाकीचे दोन पावलांवर पायजेत. लांब असले तर चढाईवाला त्याला वडत मधल्या रेषेपर्यंत घेऊन जातो. तुमचा पोरगा धरतो झकास. पन दोन पावलांवर कोन नसतं. तोच पुढं पळतो ना!"

नंतर मी पाहिले तर खरेच तसे होते. भाचा कुणाला न सांगता पुढे जाई, एकाला टिपी, कधी दोघांना, आणि मग पडे. पडल्यावरही माणसाला आपल्या साथीदारांशी बोलता येते. कुठे होते, किती होते, कोण जखमी आहे, हे सांगायचे असते. हा मात्र पडला की ओठ मिटून बसे. रागाने टेबलावर बोटे वाजवी. त्याने काय पाहिले ते त्याच्याबरोबरच जाई.

आणि पैशाचेही तेच. या खेळात डावागणिक खोटे पैसे मिळतात. जिंकल्यास ३०००, हरल्यास पहिल्या वेळी १९००. चांगली रायफल २९०० ला. तेव्हा हरल्यावर पाचही जणांनी एकमताने ठरवायचे, या डावात पोटाला चिमटा घ्यायचा आणि पुढच्या डावात सगळ्यांनी मिळून खरेदी करायची. एकाने चैन केली आणि चौघांनी बचत, तर दोन्ही डाव जातात. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे काम तीन वर्षे का रखडले होते ते मला त्या रात्री कळले. भाच्याने दोनदा एकट्यानेच रायफल घेतली होती.

बाजू बदलताना मुरबाडकराने कानांवरचे यंत्र क्षणभर उचलले. हा मुलगा संघात सर्वांत कमी गडी टिपणारा. पण सारखा बोलणारा तोच. मी वाट पाहत होतो, आता हा भाच्याला फैलावर घेणार. तो एवढेच म्हणाला, "तू पुढे जा, हरकत नाही. पण निघताना 'निघालो' म्हण. मी तुझ्या मागे दोन पावलांवर येतो. तू पडलास तर मी त्याला टिपतो."

याला ही मुले 'ट्रेड' म्हणतात. पहिला पडला तर मागच्याने त्याच क्षणी समोरच्याला टिपायचे. म्हणजे पहिल्याचे पडणे फुकट जात नाही. सगळे शास्त्र त्या दोन पावलांत आहे. फार जवळ राहिलात तर दोघे एकदम पडता, फार लांब राहिलात तर मदत पोचत नाही.

आणि काय आश्चर्य सांगू! उत्तरार्धात तेच पाच जण वेगळेच दिसू लागले. "निघालो." "मागे आहे." "धूर टाक." "टाकला." एका डावात भाच्याने स्वतः पिस्तुलावर भागवून आपल्या पैशांतून शहापूरकराला रायफल घेऊन दिली, कारण त्या दारावर शहापूरकराची गरज जास्त होती. ७-९ झाले, १०-१० झाले. एवढ्यात वीज गेली! दुकानात काळोख, आणि बॅटरीच्या यंत्राने किंकाळी फोडली. मी दचकून उभा राहिलो. पण पडदे तेवत होते आणि पाचांपैकी एकानेही मान वळवली नाही. आजोबांनी सवयीने विजेरी लावून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

१२-१२ अशी बरोबरी झाली तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटला होता. जादा खेळाचा पहिला डाव गेला. दुसऱ्यात शेवटी बदलापूरकर एकटा उरला, समोर दोघे. स्फोटक निकामी करायला बसला. बाकीचे चौघे पडलेले, पण चौघेही त्याचे कान झाले होते. "उजवीकडे पाऊल वाजलं." "थांब." "आता बस." सात सेकंद पुरे व्हायला थोडे उरले असतील, तेवढ्यात त्याला गोळी लागली. १२-१४. सामना गेला.

मी आता भांडणाची वाट पाहू लागलो. तीस वर्षे कचेरीत काढलेला माणूस मी. काम फसले की चूक कुणाची हे ठरवायला आमच्याकडे कागद फिरतात, आणि ते कधीच आपल्या टेबलावर थांबत नाहीत. इथे मुरबाडकराने शांतपणे वही काढली आणि म्हणाला, "चला, आपापलं सांगा."

बदलापूरकर म्हणाला, निकामी करायला बसण्याआधी एकदा फसवा आवाज करायला हवा होता. शहापूरकर म्हणाला, धूर दोनदा उशिरा टाकला. ठाणेकर म्हणाला, नवव्या डावात मी घाबरून खोटंच 'इकडे आले' म्हणालो. मुरबाडकराने स्वतःच्या तीन चुका लिहिल्या. दुसऱ्याचे नाव कुणी घेतले नाही.

भाच्याची पाळी आली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पूर्वार्ध माझ्यामुळे गेला. आणि अजून एक. पुण्याच्या एका संघानं मला बोलावलंय. महिना झाला. मी तुम्हाला सांगितलं नाही. आज ते सामना बघणार होते, म्हणून मी एकटा पळत होतो."

दुकानात चिडीचूप झाले. ठाणेकराचा चेहरा उतरला. तो काहीतरी कडू बोलणार होता, पण मुरबाडकर आधी बोलला. "मला माहीत होतं. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो."

त्यानंतर कितीतरी वेळ ती मुले बोलत बसली. ठाणेकर चिडला, मग निवळला. त्यानेच २०१८ सालची ती गोष्ट काढली. 'ऑप्टिक इंडिया' या काउंटर-स्ट्राइकच्या भारतीय संघाचा एक खेळाडू शांघायच्या स्पर्धेत फसवणुकीचे साधन वापरताना सामन्यातच पकडला गेला. संघ बाद झाला आणि थोड्याच दिवसांत मोडला. "त्यानं लपवलं आणि बाकीचे चौघे बुडाले," ठाणेकर म्हणाला. "तू तसं काही केलं नाहीस. पण लपवलंस तूही." भाच्याने मान खाली घातली.

आजोबा मला बाहेर घेऊन आले. वीज आली नव्हती. आकाश चांदण्यांनी भरले होते. मी त्यांना मनातली शंका विचारली, की बंदुकीचा खेळ पोरांना बरा का?

"मला बी आवडत नाय," ते म्हणाले. "ह्या बाजूच्या मानसाला बंदूक म्हटली का सिद्धगड आठवतो." २ जानेवारी १९४३ रोजी त्या गडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात. "तिथं पडलेली मानसं परत उठली नाय. ह्यांची उठतात, म्हनून त्याला खेळ म्हनायचं. फरक पोरांना कळला पायजे. माज्या नातवाला मी दोनदा नेऊन आणलाय तिथं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही वैशाखऱ्याला गेलो. नाणेघाट चढायचा बेत पोरांनी आधीच ठरवला होता. सरळगाव आणि टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे उतरलो, आणि रानातून वर निघालो. माझा दम अर्ध्या वाटेतच संपला. पाहतो तो चौघे पुढे, आणि मुरबाडकर माझ्या मागे, बरोबर दोन पावलांवर. काही न बोलता. भाचा सर्वांच्या पुढे गेला होता. पण एका वळणावर तो थांबलेला दिसला. तिथून त्याने ओरडून सांगितले, "मामा, इथे दगड सुटे आहेत, डावीकडून ये!"

वर घाटाच्या तोंडाशी ती लेणी आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख भिंतीवर कोरलेला. यज्ञ केले, दाने दिली, त्यांचे आकडे लिहिलेले. समोरच्या भिंतीवर एके काळी राजकुळातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने होत्या. आता मूर्ती नाहीत. वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. भाचा त्या पावलांच्या ओळीकडे बराच वेळ पाहत होता. वर खिंडीपलीकडे तो प्रसिद्ध दगडी रांजण. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकीत, असे सांगतात. म्हणजे हेही एक राखलेले दारच! फक्त इथे येणाऱ्याला टिपायचे नव्हते, हिशेब घेऊन पुढे सोडायचे होते.

रांजणाजवळ बसून मुलांनी फराळ सोडला. मुरबाडकर भाच्याला म्हणाला, "पुण्याला जायचं तर जा. पण कॉलेज सोडून नको. आणि घरी सांगून जा." भाचा काही बोलला नाही. त्याने चिवड्याचा डबा आधी ठाणेकरापुढे केला.

रात्री डोंबिवलीला पोचलो. ताई दारातच उभी होती. तिने भाच्याला सोडून आधी मला गाठले आणि डोळ्यांनीच विचारले, काय?

"हरले," मी म्हटले.

ताईला काय बोलावे कळेना. एवढ्यात भाच्याने पाठीवरची पिशवी उतरवून ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आई, जरा बस. पुण्याचं तुला सांगायचंय. सगळं सांगतो. तू मध्ये बोललीस तरी चालेल."

मी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेलो आणि तिघांसाठी चहा टाकला.